दुसरा आघात

चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेरकडे निघालं, की डाव्या हाताला कांचन गुंजाळची रोपवाटिका लागते. आंब्याची कलमं, मोगरा, जास्वंद, पुढे रस्त्याला लागून मातीच्या कुंड्या. त्या चैत्रातल्या दुपारी कांचन कलमांवर पाइपने पाणी मारत होती. पानं उन्हाने माना टाकून होती आणि तिचं सगळं लक्ष त्यांच्यात होतं, म्हणून धडक तिने पाहिली नाही, नुसती ऐकली.

एक मालवाहू पिकअप उलट्या बाजूने येऊन दुभाजकाच्या फटीत आडवी झाली होती. तिच्यापासून काही हातांवर एक तरुण उताणा पडला होता. त्याची विजेवर चालणारी मोटरसायकल कडेच्या चरात गेली होती आणि तिचं मागचं चाक आवाज न करता फिरत होतं. कांचन पाण्याचा पाइप हातात घेऊनच धावली. पाइप पुरला तिथवर आला, मग ताणून हातातून सुटला.

पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पट्टा नीट आवळलेला. पुढची काच फुटून आत गेली होती. ओठांच्या कडेने रक्त येत होतं आणि घशातून आवाज येत होता, नळाला पाणी सुटण्याआधी येतो तसा. पिकअपचा ड्रायव्हर कोणी न विचारता सांगत सुटला होता, “मी हळूच होतो, मी हळूच होतो.” कांचन गुडघ्यांवर बसली. पट्ट्याची कडी सोडवली, दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं आणि काढलं.

पोराने एक मोठा आचका दिला, रक्त ओकलं आणि श्वास घेतला.

रुग्णवाहिकेत ती त्याच्यासोबत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या रक्ताने भरलेल्या साडीकडे पाहून विचारलं, “नातेवाईक का?” ती नाही म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, “मग तुम्ही नसता, तर हा इथवर आला नसता.” पोलीस हवालदाराने जबाब घेतला. नेहमीच्या सवयीने तो भरभर बोलत गेला, ते ऐकून त्याच्या हातातल्या डिजिटल पाटीवर अक्षरं उमटत गेली आणि कांचनने न वाचता अंगठा टेकवला.

वेदांत कानवडे, वय सव्वीस, अकोले तालुक्यातला. शेतकऱ्यांच्या ठिबकच्या यंत्रणा दुरुस्त करत गावोगाव फिरणारा. तो जगला. पण मानेतला मणका मोडला होता आणि मज्जारज्जूला इजा झाली होती. छातीखालचं शरीर गेलं. हात हलायचे, बोटांत मात्र पकड राहिली नाही.

त्याची आई, अलका, अंगणवाडीत काम करायची. नवरा फार पूर्वी गेलेला, हा एकच मुलगा. पंधरा दिवसांनी ती रोपवाटिका शोधत आली आणि काही बोलायच्या आत कांचनच्या पायांशी वाकली. कांचनने तिला अर्ध्यातच धरलं.

“अहो ताई, हे काय!”

“अहोजाहो करू नको,” अलका म्हणाली. “मला बहीण नाही. आजपासून तू.”

तेव्हापासून वेदांत तिला मावशी म्हणू लागला. त्याला शहराबाहेरच्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं. कांचन दर गुरुवारी जायची, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन. तो पोटभर जेवायचा आणि केंद्रातल्या कुंड्यांमधली झाडं का मरतात यावर तिच्याशी वाद घालायचा.

हे असं सव्वा वर्ष चाललं. मग वेदांतची वकील रोपवाटिकेत आली.

फरीदा तांबोळी चाळिशीच्या आतबाहेरची, शांत बोलणारी बाई होती. तिने आधी एक मोगऱ्याचं रोप निवडलं, बाजूला ठेवायला सांगितलं आणि मग स्टुलावर बसली.

“कांचनताई, हेल्मेटचा आणि भरपाईचा संबंध तुम्हाला माहीत असेल.”

“हेल्मेट नसलं की कापतात.”

“बरोबर. डोक्याला मार लागला आणि हेल्मेट नव्हतं, तर न्यायाधिकरण म्हणतं, चूक समोरच्या गाडीची खरी, पण इजा वाढायला तुमचाही हातभार लागला. तेवढा भाग वजा. पूर्वी हे सगळं अंदाजाने चालायचं. कोणी म्हणायचं हेल्मेट होतं, कोणी म्हणायचं हँडलला लटकवलेलं होतं. पट्टा लावला होता की नाही, यावर वर्षानुवर्षं दावे अडायचे. म्हणून हे अस्तर आलं.”

ते अस्तर आता सगळ्यांना ठाऊक होतं. हेल्मेटच्या आतल्या फोममध्ये केसाहून बारीक तंतू विणलेले असतात. त्यांच्यावर दाब किंवा ताण आला की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म ठोका तयार होतो. धक्का कुठून आला, किती जोराचा होता, डोकं कुठल्या बाजूला वळलं, पट्टा आवळलेला होता की सुटा, सगळं त्या ठोक्यांवरून कळतं आणि मागे बसवलेल्या शेंगदाण्याएवढ्या चकतीत साठतं. असं हेल्मेट असलं की दावा झटपट निकाली निघतो. वेदांतने म्हणूनच पहिल्या पगारात ते घेतलं होतं.

“पट्टा लावलेला होता,” कांचन म्हणाली. “मी बघितलंय. मी सांगेन ना तसं.”

“त्याबद्दल वादच नाही.” फरीदाने डोळे चोळले. “आता त्याच्या पुढचं यंत्र आलंय. जखमी माणसाच्या मानेचे स्कॅन घेतात आणि संगणकात त्याची हुबेहूब मान बनवतात. मणके, चकत्या, स्नायू, आतला मज्जारज्जू, सगळं. त्याला जुळी मान म्हणतात. हेल्मेटने टिपलेले धक्के त्या जुळ्या मानेला देतात आणि बघतात, कुठल्या धक्क्याने काय बिघडलं. शेवटी काय झालं हे डॉक्टर आधीही सांगायचे. कुठल्या क्षणी किती झालं, हे आता कळायला लागलंय.”

कांचनच्या हातात खुरपं होतं. ते तिने खाली ठेवलं.

“वेदांतच्या मानेला दोन आघात झाले, ताई. पहिला धडकेचा. त्यात मणका मोडला. मज्जारज्जू मात्र बराचसा शाबूत होता. दुसरा आघात जेमतेम मिनिटभरानंतरचा. डोकं वरच्या दिशेने ओढलं गेलं आणि मान थोडी पुढे वाकली. मोडलेला मणका तेव्हा सरकला. यंत्राच्या हिशेबाने साठ टक्के इजा त्या दुसऱ्या आघाताने झाली.”

रस्त्यावरून एक लांबलचक कंटेनर गेला.

“मी काढलं ते,” कांचन म्हणाली.

“हो.”

“मला पकडतील?”

“छे! जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं पक्कं संरक्षण आहे. तुमच्यावर काहीही येणार नाही.”

“मग कोणावर येणार?”

“वेदांतवर. पिकअपच्या विमा कंपनीचं म्हणणं आहे, आमच्या गाडीने केलं तेवढंच आम्ही भरू. त्याला जन्मभर माणूस लागणार, खुर्ची लागणार, औषधं लागणार. यातलं निम्म्याहून जास्त जाईल.”

मग तिने वाट सांगितली. वेदांत घुसमटत होता आणि हेल्मेट काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं असं ठरलं, तर दुसरा आघात हा पहिल्याचाच परिणाम धरला जाईल आणि सगळी जबाबदारी पिकअपवर येईल. अडचण एकच होती. पोलिसांनी घेतलेल्या जबाबात कांचनच्या तोंडी वाक्य होतं, ‘जखमीस पाणी पाजण्यासाठी मी त्याचे हेल्मेट काढले.’

“मी असं म्हटलं नव्हतं!”

“मग का काढलंत?”

पोराच्या घशातला आवाज कांचनला आठवत होता. पण हातातला पाइपही आठवत होता, पाणी गळणारा. आवाज ऐकून बसली की पाणी द्यायला बसली? की नुसतं, कोणाचं तरी पोर आहे, तोंड तरी बघू, म्हणून? वर्षभरात तिने ही गोष्ट इतक्यांना सांगितली होती, की सांगितलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट तिला आता वेगळ्या करता येईनात.

“विचार करा,” फरीदा म्हणाली. “आणि अलकाताईंना हे अजून सांगितलेलं नाही. मलाच सांगावं लागेल.”

भास्कर, कांचनचा नवरा, सोसायटीत कारकून होता. सगळं ऐकून त्याने जेवणाचं ताट पुढे सारलं.

“यात विचार कसला करायचा? घुसमटत होता म्हण आणि मोकळी हो.”

“पण मला नक्की आठवत नाही हो.”

“कोणाला आठवतंय? त्या पोराला आठवतंय? ड्रायव्हरला? तू म्हणशील तेच घडलं.”

“त्यांचा वकील उलटं-सुलटं विचारेल. तो जबाब पुढे करेल.”

“मग जाऊच नको साक्षीला.” भास्कर आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हता. आता त्याचा आवाज चढला. “चांगलं करायला गेलीस आणि हे गळ्यात आलं. गावात काय बोलतायत, ऐकलंयस का?”

तिने ऐकलं होतं. फोनवरच्या गटांमधून बातमी फिरली होती, कोणीतरी तिखट-मीठ लावलेली. रोपं घ्यायला आलेल्या एका बाईने दुसरीला कोपर मारलेलं तिने पाहिलं होतं. हेल्मेट काढणारी ती हीच.

झोप गेली. दिवसा कलमं बांधताना तिचे हात मध्येच थांबायचे. डोळा कापून घ्यायचा, खाचेत बसवायचा, पट्टी गुंडाळायची, हे काम तिने वीस वर्षं केलं होतं. आता प्रत्येक वेळी वाटायचं, आपण जास्त दाबलं का? ओढलं का? त्या महिन्यात तिची निम्मी कलमं जगली नाहीत.

आणि मग तो श्रावणातला प्रसंग घडला.

रोपवाटिकेच्या अलीकडच्या वळणावर एक म्हातारं जोडपं स्कूटरवरून घसरलं. बाई उठून बसल्या. आजोबा पालथे पडले होते, हेल्मेटसकट. कांचन धावत गेली, पण तिच्या आधी सात-आठ माणसं जमली होती आणि सगळी चार हात लांब उभी होती. कोणी खाली वाकत नव्हतं.

“हात लावू नका,” एकजण म्हणाला. “अस्तरात सगळं उमटतं. उद्या आपल्यामुळे झालं म्हणतील.”

“रुग्णवाहिका बोलावलीय,” दुसरा म्हणाला आणि फोन उंच धरून शूटिंग करत राहिला.

“अहो, कोणीतरी उताणं करा यांना!” म्हातारी रडत ओरडली. “यांना दमा आहे!”

तिची नजर कांचनवर आली. सगळ्या पुरुषांमध्ये ती एकटीच बाई होती. कांचनने एक पाऊल टाकलं. पुढचं पाऊल तिच्या पायांनी टाकलं नाही. ते सात-आठजण आणि ती, सगळेच रुग्णवाहिका येईपर्यंत तसेच उभे राहिले. आजोबा वाचले, पाय मोडण्यावर निभावलं. पण स्ट्रेचर आत सरकवल्यावर म्हातारीने मागे वळून पाहिलं, ते त्या पुरुषांकडे नाही. कांचनकडे.

पुढच्या गुरुवारी ती भाकरी बांधून केंद्रावर गेली. अलका दारातच उभी होती. आत जायच्या वाटेत.

“वकीलबाईंनी सांगितलं,” अलका म्हणाली.

“ताई, मी तुला सांगणारच होते, पण...”

“तू ओढलंस का गं?”

“मी काढलं. ओढलं असं...”

“हळू काढता आलं नसतं? कोणाला तरी मान धरायला सांगता आलं नसतं? नसतंच काढलं, तर?” अलका मोठ्याने बोलत नव्हती. एकेक प्रश्न जणू रात्रभर पाठ केल्यासारखा सांगत होती. “वर्षभर तुझ्या पाया पडले मी. अंगणवाडीत सगळ्या बायांना तुझं नाव सांगते. आणि मशीन म्हणतंय, त्या गाडीने माझं पोर अर्धंही मोडलं नव्हतं.”

“तो श्वास घेत नव्हता, ताई.”

“खात्रीने सांग मला. माझ्या डोळ्यांत बघून सांग.”

कांचनने तिच्या डोळ्यांत पाहिलं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तो गेला.

अलकाने तिच्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं नाही.

न्यायाधिकरणापुढे कांचनची साक्ष दिवाळीनंतर लागली. फरीदा तिला आदल्या दिवशी एवढंच म्हणाली, “मी तुम्हाला खोटं बोलायला सांगणार नाही. पण जे आठवतं, ते कचरत सांगू नका.” भास्कर रजा काढून सोबत आला होता आणि मागच्या बाकावर घाम पुसत बसला होता.

कंपनीचे वकील वयस्क, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी जबाबातलं वाक्य वाचून दाखवलं. खाली अंगठ्याचा ठसा तिचाच का? तिचाच. हातात पाण्याचा पाइप होता, हे खरं? खरं. मग हेल्मेट पाणी पाजायला काढलं, हे खरं?

“पाइप वाटेतच सुटला होता,” कांचन म्हणाली. “त्याच्या घशातून आवाज येत होता. पाणी सुटण्याआधी नळ करतो तसा. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. पण साहेब, काढताना माझ्या मनात नेमकं काय होतं, ते मला सांगता येत नाही. घुसमट आहे असं मनाशी म्हणून मी काढलं नाही. मनाशी काही म्हणायला वेळच नव्हता. पाणी द्यावं असंही आलं असेल मनात. नाही आलं, असं शपथेवर कसं सांगू?”

मागे भास्करने डोकं धरलं. फरीदाने पापणी हलवली नाही.

“काढलं, आणि त्याने श्वास घेतला,” कांचन म्हणाली. “एवढंच मला माहीत आहे. आणि एक विचारू का, साहेब?”

हे ती न्यायाधीशबाईंना म्हणाली. त्यांनी मान हलवली.

“ते यंत्र सांगतं, मी काढलं म्हणून काय बिघडलं. मी काढलं नसतं तर काय झालं असतं, हे सांगत नाही का?”

कंपनीचे वकील लगेच उठले. जुळ्या मानेत हाडं, स्नायू आणि मज्जारज्जू असतो, श्वास नसतो, हा प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचा आहे, वगैरे. पण न्यायाधीशबाईंनी शासनाच्या तज्ज्ञाला पडद्यावर बोलावून तोच प्रश्न विचारला. तज्ज्ञाने थोडा विचार करून सांगितलं, की वेदांतला दवाखान्यात आणलं तेव्हाच्या स्कॅनमध्ये घसा आणि फुप्फुसंही आली आहेत. फुप्फुसात उतरलेलं रक्त त्यात दिसतं. त्यावरून जुळी मान वाढवून घसा आणि श्वासनलिका बनवता येईल. मग हेल्मेट तसंच ठेवून, तो त्याच अवस्थेत पडून राहिला असता तर काय झालं असतं, हे हजारो वेळा चालवून पाहता येईल.

“मात्र उत्तर हो किंवा नाही असं येणार नाही,” तो म्हणाला. “शक्यता मिळेल. आणि ज्याचं शरीर आहे, त्याची संमती लागेल.”

बाहेर आल्यावर फरीदा थकल्यासारखी पायरीवर टेकली. “हे दुधारी आहे, कांचनताई. तो जगलाच असता असं आलं, तर दावाही जाईल आणि तुम्हाला ते ऐकून जगावं लागेल.”

संमती मागायला कांचनच गेली. अलका त्या वेळी कामावर असते हे तिला ठाऊक होतं. वेदांत व्हरांड्यात खुर्चीत होता. तळहाताला पट्ट्याने चमचा बांधून त्याला जेवायची सवय लावत होते, आणि पोह्यांचे दाणे त्याच्या छातीवर सांडले होते. कांचनने ते टिपायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

“टिपा मावशी,” तो म्हणाला. “तेवढ्याने काही मोडत नाही.”

तिने ते टिपले. मग विचारलं, “तुला राग येतो माझा?”

“रोज वेगळं असतं. सकाळी दोघंजण मिळून मला कुशीवर वळवतात, तेव्हा येतो. तुमचा, ड्रायव्हरचा, माझा. दुपारपर्यंत उतरतो.” त्याने हाताला बांधलेला चमचा ताटलीच्या कडेला टेकवला. “आई म्हणते, तुम्ही कोर्टात सरळ हो म्हणायला हवं होतं. घुसमटत होता म्हणून.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मला ते वाक्य जन्मभर खरं मानावं लागलं असतं. आणि रोज शंका आली असती.”

कांचनने मग यंत्राचं सांगितलं. काहीही लपवलं नाही. मान तुझी आहे, तू नको म्हणालास तर विषय संपला, असंही सांगितलं.

“ते म्हणालं की मी जगलो असतो, चाललोही असतो, तर?”

“तर मला ऐकावं लागेल.”

“मलाही.” त्याने अंगणातल्या सुकलेल्या तगरीकडे पाहिलं. “विचारा त्याला,” तो म्हणाला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत कांचनचं वजन इतकं उतरलं, की भास्करने तिला न सांगता बांगड्या लहान करायला दिल्या. तो आता काही बोलायचा नाही. संध्याकाळी सोसायटीतून येऊन तिच्याशेजारी बसून पिशव्यांमध्ये माती भरायचा.

निष्कर्ष सगळ्यांसमोर वाचला गेला. अलका पहिल्या बाकावर होती, कांचन शेवटच्या. पडद्यावर वेदांतचा घसा दिसत होता, राखाडी, आतून उजळलेला. त्यात रक्त साचत होतं आणि हेल्मेटच्या मागच्या जाडीमुळे मान पुढे झुकून वाट आणखी अरुंद होत होती. तज्ज्ञ एका सुरात बोलत होता. हेल्मेट तसंच राहिलं असतं, तर रुग्णवाहिका पोहोचायच्या आत दर दहांतल्या सात वेळा मृत्यू झाला असता.

“आणि उरलेल्या तीन वेळा?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“रक्त आपोआप कडेने वाहून गेलं असतं. तो जगला असता. मज्जारज्जूची इजा मर्यादित राहिली असती. उपचारांनंतर तो बहुधा चालू शकला असता.”

अलकाच्या खांद्यांचं काहीतरी झालं. कांचनला तिची पाठच दिसत होती. ती पाठ आधी सैल पडली आणि मग पुन्हा ताठ झाली.

निकाल लागला तो वेदांतच्या बाजूने. भरपाईतून काहीही वजा होणार नव्हतं. न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं, की ज्याच्या चुकीने माणूस रस्त्यावर असा पडला, त्याच्या मदतीला येणाऱ्याची घाईही त्याच चुकीच्या पदरात जाते. यंत्राला हजारो वेळा करून बघता आलं, त्या बाईला एकदाच. कंपनीने अपील केलं नाही. फरीदाने फोनवर हे सांगितलं, तेव्हा कांचन हो हो म्हणत राहिली आणि फोन ठेवल्यावर कलमांच्या वाफ्यात बसून तिने ढसाढसा रडून घेतलं. पण मोकळं वाटलं नाही. ते तीन तिच्या आत कुठेतरी चालत होते. घाटातून उतरणारा प्रत्येक तरुण त्यांतला एक वाटायचा.

पौषात वेदांतचा फोन आला. त्याला घरी आणलं होतं. “मावशी, या,” एवढंच तो म्हणाला. “आईला विचारून बोलवतोय.”

कानवड्यांचं घर गावाच्या टोकाला होतं, दाराला खुर्चीसाठी नवा उतार केलेला. वेदांत ओसरीवर उन्हात बसला होता. अलका आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो कांचनपुढे ठेवला आणि उभी राहिली. बराच वेळ तिघंही हवेविषयी, रस्त्याविषयी, उताराच्या सिमेंटविषयी बोलले. मग अलका एकाएकी खाली बसली.

“दाखव मला,” ती म्हणाली.

“काय?”

“कसं काढलंस ते. मशीनमध्ये पोराची मान बघितली, हाडं बघितली. तुझे हात कुठे नव्हते त्यात.” तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर चक्क उताणी झाली. “मी वेदांत. काढ.”

“ताई, नको.”

“काढ गं.”

कांचनने वेदांतकडे पाहिलं. तो आईकडे बघत होता. ती गुडघ्यांवर बसली. तिने अलकाच्या हनुवटीखाली नसलेली कडी सोडवली. दोन्ही कानांवर तळवे ठेवले. अलकाचे केस पातळ झालेले होते, तिला ते आजवर दिसले नव्हते. तिने डोळे मिटले आणि जे नव्हतं ते वर सरकवलं, हळू, अगदी हळू. आणि ते निघाल्याबरोबर तिच्या डाव्या हाताने अलकाचं तोंड झटकन एका कुशीला वळवलं आणि उजव्या हाताची दोन बोटं तिच्या ओठांवर गेली, दातांपर्यंत, आत काहीतरी अडकल्यासारखी, ते खरवडून काढायला.

तिने डोळे उघडले. बोटं तिथेच होती.

अलका तिच्याकडे बघत होती, खालून, आडव्या मानेने.

कांचनने घाईने हात मागे घेतला. “हे मी तेव्हा केलं होतं की आत्ता हातांनी बनवलं,” ती कशीबशी म्हणाली, “मला खरंच माहीत नाही, ताई.”

अलका उठली नाही. तिने तो मागे जाणारा हात मनगटाला पकडला आणि परत आपल्या गालावर आणून ठेवला.

“राहू दे थोडा वेळ,” ती म्हणाली.

वेदांतने खुर्चीची कळ मनगटाने दाबली. खुर्ची घरघरत पुढे आली आणि त्या दोघींवर पडलेल्या उन्हात तिची सावली येऊन थांबली.